हवेचा टेकू: कुणाला, किती आणि कशासाठी?

उत्तन, चौक, पाली या कोळीवाड्यांतून बर्फात दडपलेली मासळी घेऊन निघणाऱ्या पिकअप गाड्यांकडे लक्षपूर्वक पाहिले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. गाडीचे नाक किंचित वर उचललेले असते आणि पाठ खाली बसलेली असते. दिवाळीच्या सुट्टीत काशिमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याकडे वळणाऱ्या सात आसनी गाड्यांचीही तीच गत. आत माणसे, मागे सामानाची चळत, टपावर आणखी दोन बॅगा, आणि मागच्या चाकांवरचा पत्रा टायरला टेकतो की काय अशी स्थिती. अशा गाडीमागे फिरते घर, म्हणजे कॅराव्हॅन, जोडायचे ठरले तर पाठीवरचा हा भार आणखी वाढतो. मग गॅरेजवाला, मित्र किंवा परदेशात राहणारा भाऊ हमखास एक उपाय सुचवतो: मागच्या सस्पेन्शनमध्ये हवेच्या पिशव्या बसवून घ्या.

उपाय चांगला आहे. मात्र तो नेमके काय करतो आणि काय करीत नाही, हे समजून न घेता घाटात उतरणे धोक्याचे आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून या विषयाची चर्चा मराठी घरांतही होऊ लागली. आपल्याकडे कॅराव्हॅन म्हणून जे दिसते, ते बहुधा छोट्या बसच्या सांगाड्यावर बांधलेले, स्वतःच्या इंजिनावर चालणारे वाहन असते. मोटारीमागे ओढायची कॅराव्हॅन ही मुख्यतः ऑस्ट्रेलिया, युरोप, अमेरिकेतली रीत. भारतात ती अजून विरळाच आहे. मीरा रोडच्या ज्या सोसायट्यांत दुचाकी उभी करण्याच्या जागेवरून सर्वसाधारण सभा रंगतात, तिथे कॅराव्हॅन कुठे ठेवायची, हा प्रश्न सस्पेन्शनच्याही आधीचा आहे. तरीही चार चाकांना जोर देणारी दणकट गाडी घेऊन मागे छोटी कॅराव्हॅन, होडीचा ट्रेलर किंवा सामानाची गाडी जोडण्याची हौस वाढते आहे. म्हणून या पिशव्यांची नीट ओळख करून घेणे आवश्यक ठरते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अपघाताच्या क्षणी स्टिअरिंगमधून फुगून बाहेर येणाऱ्या एअरबॅगशी यांचा नावापलीकडे काही संबंध नाही. सस्पेन्शनमधली हवापिशवी म्हणजे जाड रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा बंद फुगा. तो गाडीचा सांगाडा आणि मागचा अॅक्सल यांच्यामध्ये बसतो व दाबलेल्या हवेच्या बळावर वजन पेलतो. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने १९३० च्या दशकात अशा हवेच्या स्प्रिंगांवर काम केले आणि १९५० च्या दशकात तिथल्या लांब पल्ल्याच्या बसगाड्यांत त्या रूढ झाल्या. आपल्याकडे २००१ नंतर व्होल्वोच्या बसगाड्या आल्या आणि मुंबई-पुणे मार्गावरच्या ‘शिवनेरी’च्या प्रवाशांना हवेवर तरंगत जाण्याचा अर्थ कळला. पण बसमध्ये सारे वजन हवाच पेलते. मोटारीत बसवायच्या सहायक पिशव्या मूळच्या पोलादी स्प्रिंगला केवळ हातभार लावतात. पोलाद तसेच राहते, हवा त्याच्या जोडीला उभी राहते.

या जोडीचा मोठा फायदा असा की, हवेचा दाब हवा तसा कमी-जास्त करता येतो. पोलादी स्प्रिंग एकदा जाड घेतली की ती कायमची कडक. भरलेली गाडी ती छान पेलते, पण रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्याला उसळते आणि मागे बसलेल्यांच्या मणक्यांची परीक्षा पाहते. हवापिशवीत दाब वाढवला की तिचा कडकपणा वाढतो आणि दाब कमी केला की ती पुन्हा मऊ होते. वर्षातले अकरा महिने रिकामी धावणारी आणि सुट्टीत आठ दिवस भाराने वाकणारी गाडी असेल, तर हा गुण सोयीचा आहे.

गाडीच्या मागच्या बाजूला स्प्रिंग कोणत्या जातीची आहे, यावर पिशवीची जात ठरते. फॉर्च्युनर, इनोव्हा, स्कॉर्पिओ, गुरखा किंवा २०२० नंतरची थार यांना मागे वेटोळ्याची कॉइल स्प्रिंग असते. तिच्या पोकळीत नळकांड्यासारखी पिशवी सरकवून बसवतात. बसवणे सोपे, सांगाड्याला भोक पाडावे लागत नाही, आणि नको असल्यास पिशवी काढूनही टाकता येते. या पिशव्यांना साधारणपणे किमान ५ आणि कमाल ३५ पौंड दाब चालतो. पौंड म्हणजे टायरवाल्याच्या बोलीतलेच पौंड, दर चौरस इंचाला मोजलेले. हायलक्स, व्ही-क्रॉस, बोलेरो आणि २०२० पूर्वीची थार यांना मागे पाटे असतात. तिथे पाट्यांच्या वर आणि सांगाड्याच्या खाली, कंसाच्या आधाराने, दोन किंवा तीन वळ्यांची जाड रबरी पिशवी बसते. तिची ताकद पुष्कळ जास्त असते आणि अशा संचांत दाब १०० पौंडांपर्यंत नेता येतो. नेमका आकडा मात्र त्या त्या संचाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा, कारण नाव सारखे असले तरी पिशवीगणिक मर्यादा बदलते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ओढायच्या गाडीचे सारे वजन काही ओढणाऱ्या गाडीवर येत नाही. त्यातला बराचसा भाग कॅराव्हॅनची स्वतःची चाके पेलतात. तिच्या नाकाशी असलेली जोडणी जो भार खाली दाबते, तेवढाच मोटारीच्या पाठीवर येतो. हा भार कॅराव्हॅनच्या एकूण वजनाच्या सुमारे दहा टक्के असावा, असा ऑस्ट्रेलियातला सर्वसाधारण दंडक आहे. युरोपात तो याहून कमी धरतात. फार कमी झाला तर कॅराव्हॅन वेगात शेपटीसारखी डोलू लागते, म्हणून तो वाटेल तसा घटवताही येत नाही.

समजा, कॅराव्हॅन दीड हजार किलोची आहे आणि जोडणीवर १५० किलो भार येतो आहे. १५० किलो म्हणजे दोन माणसे मागे बसली असे कुणाला वाटेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. फॉर्च्युनरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २,७४५ मिलिमीटर आहे. जोडणीचा गोळा मागच्या अॅक्सलच्या साधारण १,२०० मिलिमीटर मागे आहे असे धरू. मग तरफेच्या नियमाने मागच्या अॅक्सलवर १५० ऐवजी सुमारे २१५ किलो येतात आणि पुढच्या अॅक्सलवरून सुमारे ६५ किलो उचलले जातात. बैलगाडीवानाला हे गणित न शिकता ठाऊक होते. मागे जास्त माल पडला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, आणि मग तो दोन पोती पुढे सरकवतो. मोटारीत बैलांच्या जागी पुढची चाके असतात, आणि वळणे व बरेचसे ब्रेकिंग त्यांच्याच भरवशावर चालते.

हवापिशव्यांबद्दलची सर्वांत मोठी गफलत इथेच होते. पिशव्यांत हवा भरली की गाडीची पाठ वर येते, गाडी सपाट दिसते आणि मालकाचे समाधान होते. मात्र पुढच्या चाकांवरून उचललेले ६५ किलो परत येत नाहीत, आणि मागच्या अॅक्सलवरचे २१५ किलोही कमी होत नाहीत. हवा उंची बदलते, वजनाची वाटणी जवळपास तशीच राहते. उंची सुधारण्याचे फायदे खरे आहेत. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही, घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्यात मागचा अॅक्सल सांगाड्यावर धाडकन आपटत नाही, आणि स्प्रिंगला वर-खाली होण्यासाठी पुरेशी जागा उरते. पण स्टिअरिंग हलके लागत असेल, ओल्या रस्त्यावर पुढची चाके वळणावर सरळच जाऊ पाहत असतील, तर तो दोष हवेने जाणार नाही.

त्यासाठी भारवाटप करणारी जोडणी हे वेगळे साधन परदेशात वापरतात. तिच्यातले दोन ताणलेले लोखंडी दांडे जोडणीवरचा काही भार उचलून पुढच्या अॅक्सलकडे आणि कॅराव्हॅनच्या चाकांकडे ढकलतात. ती आणि हवापिशव्या एकत्र वापरता येतात, पण पिशव्या गच्च फुगवल्या तर गाडीची पाठ वर येऊन दांड्यांचा ताण सैल पडतो आणि एका साधनाने दुसऱ्याचे काम बिघडते. अशा वेळी पिशव्यांत हवा बेताचीच ठेवावी लागते.

पाटे असलेल्या पिकअप गाड्यांना आणखी एक धोका आहे आणि तो अधिक गंभीर आहे. पाटा आपल्या पुढच्या आणि मागच्या टोकांशी सांगाड्याला जोडलेला असतो, त्यामुळे वजन सांगाड्याच्या लांबीवर दोन ठिकाणी विभागून उतरते. पिशवी मात्र अॅक्सलच्या बरोबर वर, एकाच जागी सांगाड्याला खालून रेटा देते. मागे लांब हौदा, त्यात जड पेट्या, त्याच्याही मागे कॅराव्हॅनचा भार आणि मधोमध हा एकच टेकू असला की सांगाडा त्या टेकूवर वाकू पाहतो. ऑस्ट्रेलियात चार दारांच्या पिकअप गाड्यांचे सांगाडे अशा रीतीने केबिनच्या मागे वाकल्याची, क्वचित मोडल्याचीही उदाहरणे आहेत. दोष एकट्या पिशवीचा नसतो. जास्त भार, तो फार मागे असणे, पिशव्यांत कमाल दाब आणि खराब रस्त्यावरचा वेग हे सारे एकत्र येते तेव्हा पोलाद हार मानते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर किंवा पावसाळ्यातल्या गायमुख घाटात रस्त्याच्या अवस्थेविषयी वेगळे सांगायला नको. म्हणून पाटे असलेल्या गाडीवर भार रोजचाच असेल, तर पिशवीपेक्षा योग्य क्षमतेचे नवे पाटे घालणे अधिक शहाणपणाचे. उत्तनच्या मासळीच्या पिकअपला हवेचे कौतुक नको, दमदार पाटा हवा.

गॅरेजांत सुचवला जाणारा आणखी एक उपाय म्हणजे कॉइलच्या वेटोळ्यांत बसवायचे रबर बफर. स्वस्त म्हणून टॅक्सीवाले ते सर्रास वापरतात. त्याने गाडीची पाठ थोडी वर येते हे खरे, पण ज्या वेटोळ्यांत रबर अडकवले ती वेटोळी नीट दबत नाहीत, आणि त्यांचे काम शेजारच्या वेटोळ्यांवर पडते. शिवाय गाडी रिकामी झाली तरी रबराचा कडकपणा तिथेच राहतो. तात्पुरती अडचण भागवायला हा उपाय ठीक. कॅराव्हॅन ओढण्याचा विचार त्यावर विसंबून करू नये.

खरेदीपूर्वी मालकाने गाडीला धर्मकाट्यावर न्यावे. हे काम कंटाळवाणे वाटते, खर्च मात्र किरकोळ असतो आणि निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. नेहमीची माणसे आणि सामान घेऊन, टाकी भरून, आधी पूर्ण गाडीचे वजन करावे, मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून मागच्या अॅक्सलचे. त्यानंतर कॅराव्हॅन जोडून, तिची चाके काट्याबाहेर ठेवून, पुन्हा मोटारीचे वजन घ्यावे. दोन्ही वेळच्या पूर्ण वजनातला फरक म्हणजे जोडणीवरचा भार. हे आकडे गाडीच्या नोंदणीपत्रातल्या कमाल भारित वजनाशी आणि निर्मात्याने दिलेल्या अॅक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहावेत. आकडा मर्यादेबाहेर असेल तर बाजारातली कोणतीही पिशवी तो आत आणू शकत नाही. पिशवीच्या खोक्यावर छापलेली क्षमता ही पिशवीची असते. अॅक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांची क्षमता तिच्याबरोबर वाढत नाही. अशा वेळी सामान कमी करणे किंवा हलकी कॅराव्हॅन घेणे, हे दोनच मार्ग उरतात.

दुसरी तपासणी घरच्या घरी, मोजपट्टीने करता येते. गाडी रिकामी असताना सपाट जागी चारही चाकांवरच्या मडगार्डच्या कडेची जमिनीपासूनची उंची लिहून ठेवावी. भार घालून पुन्हा मोजावी. रिकाम्या गाडीचीच पाठ नव्या गाडीच्या मानाने खाली बसलेली असेल, तर स्प्रिंगा थकल्या आहेत. त्या आधी बदलाव्यात. थकलेल्या स्प्रिंगेवर हवा भरणे म्हणजे आजार झाकणे होय. शॉकअब गळत असतील तर तेही बदलावेत, कारण स्प्रिंग किंवा पिशवी गाडीला उचलून धरते, उसळी थांबवण्याचे काम शॉकअबच करतो. पिशव्या बसवल्यावर गाडी उसळू लागली, अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा बऱ्याचदा दोषी जुना शॉकअब असतो.

एवढे झाल्यावर पिशवीची निवड. डाव्या आणि उजव्या पिशवीला हवा भरण्याची नळी स्वतंत्र असलेला संच घ्यावा. दोन्ही पिशव्या एकाच नळीने जोडल्या तर भरणे सोपे जाते, पण वळणावर बाहेरच्या बाजूच्या पिशवीतली हवा दबून आतल्या बाजूला पळते आणि गाडी अधिकच कलंडते. उंच गाडी, मागे डोलणारे घर आणि आंबेनळी घाटासारखी एकामागून एक वळणे, अशा प्रसंगी हा फरक नगण्य नसतो. हवा भरण्याचे तोंड टायरच्या व्हॉल्व्हसारखेच असते, त्यामुळे पेट्रोल पंपावरही काम भागते. मात्र पिशवीत हवा मावते ती टायरच्या मानाने अगदी थोडी. पंपावरच्या जोरकस यंत्राने क्षणात दाब मर्यादेपलीकडे जातो, म्हणून हातपंप किंवा छोटा कॉम्प्रेसर बरा. ड्रायव्हरच्या बोटाशी बटण देणारे महागडे संचही मिळतात. महिन्यातून चारदा भार बदलत असेल तर त्यांचा उपयोग आहे, एरवी ती हौस.

बसवताना दोन गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. पहिली, सायलेन्सरची नळी. ती पिशवीच्या किंवा हवेच्या बारीक नळीच्या जवळून जात असेल तर उष्णतेने प्लॅस्टिक मऊ पडते आणि घाटाच्या मध्यावर हवा जाते. संचाबरोबर येणारा उष्णतारोधक पत्रा गॅरेजवाले कधी कधी ‘लागत नाही’ म्हणून बाजूला ठेवतात. तो लावून घ्यावा. दुसरी गोष्ट, अॅक्सल फार वर येऊ नये म्हणून कंपनीने बसवलेला रबरी ठोकळा. काही गाड्यांत तो कॉइलच्या आतच असतो आणि पिशवीला जागा करण्यासाठी कापावा किंवा काढावा लागतो. तो काढल्यावर पिशवीच ठोकळ्याचे काम करते, म्हणजे हवा गेली की आधारही गेला. हे चालकाला ठाऊक असले पाहिजे. उत्तन-गोराईच्या बाजूला राहणाऱ्यांनी कंस आणि नटबोल्ट गंजरोधक आहेत ना, हेही पाहावे. खारा वारा लोखंडाची गय करीत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार मागे ओढायचे वाहन हे ‘ट्रेलर’ ठरते आणि नोंदणीच्या तरतुदी त्यालाही लागू होतात. त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद ठामपणे अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतचा कारावास, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आली. कायद्यातली व्याख्या गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पाडणाऱ्या रचनात्मक बदलाविषयी बोलते. कॉइलच्या पोकळीत सरकवलेली पिशवी आणि सांगाड्याला वेल्डिंग करून ठोकलेला कंस, यांत म्हणूनच मोठे अंतर आहे. तरीही परिवहन कार्यालयाकडे विचारणा करावी, आणि विमा कंपनी व गाडीचा विक्रेता यांच्याकडून लेखी उत्तर घ्यावे. अपघातानंतर तोंडी आश्वासनाला किंमत नसते. तसेच परदेशी माहितीपत्रकातला ३,५०० किलो ओढण्याचा आकडा वाचून हुरळून जाऊ नये. तो तिथल्या गाडीचा, तिथल्या जोडणीचा आणि स्वतंत्र ब्रेक असलेल्या ट्रेलरचा आकडा असतो. इथल्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता दिली नसेल, तर ती आहे असे गृहीत धरता येत नाही.

संच बसल्यानंतर भार घालून, मडगार्डच्या कडेची उंची पुन्हा मोजत थोडी थोडी हवा भरावी. पाठ रिकाम्या गाडीइतकी वर आणण्याचा हट्ट नको. किंचित खाली बसलेली गाडी गच्च फुगवलेल्या गाडीपेक्षा रस्ता चांगला धरते. त्या दाबाचा आकडा वहीत लिहिला की पुढच्या सहलीला अंदाज बांधावा लागत नाही. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर कंसांचे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. सहल संपली, कॅराव्हॅन सुटली, की हवा कमी करावी, पण पूर्ण सोडू नये. किमान पाच पौंड ठेवायचेच, कारण रिकामी पिशवी स्प्रिंगेच्या वेटोळ्यांत चिमटली की पुढच्या खड्ड्यात फाटते, आणि ते कळते थेट पुढच्या सुट्टीच्या पहाटे, गाडी भरून झाल्यावर.